समोरचा दात

स्वतःच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, समारंभांत माईक धरणाऱ्या एका निवेदकाचा समोरचा दात तुटला. तालमीच्या वेळी रंगमंचाच्या पायऱ्या उतरता उतरता तो मागे वळून कुणाला तरी हात करत होता, तो तोंडावरच आपटला. दाताचं मूळ शाबूत राहिलं, वरचा भाग गेला. डॉक्टरांनी उरलेला खुंट घासून नीट केला, माप घेतलं, तात्पुरतं प्लॅस्टिकचं टोपण बसवलं आणि पोर्सिलेनची कॅप करण्यासाठी माप दात बनवणाऱ्या नेहमीच्या लॅबकडे घेऊन गेले.

लॅब दोघी बहिणींची होती. त्यांतल्या धाकटीला या निवेदकानं हिवाळ्यात सोडलं होतं.

प्रकरण लपलेलं नव्हतं. निवेदक प्रेमही माईक हातात असल्यासारखंच करायचा. लॅबच्या खिडकीखाली उभा राहून धाकटीला मोठ्यानं हाका मारायचा, समोरच्या दुकानदाराला तिचं कौतुक ऐकवायचा, भर कार्यक्रमात हजार माणसांपुढे "आज एक खास व्यक्ती इथं आली आहे" म्हणून तिला उभं करायचा. दोघी बहिणींची आई त्याला भोंगा म्हणायची. "आला गं तुझा भोंगा," असं वरच्या मजल्यावरून ओरडायची, आणि तो खालूनच "आलो, सासूबाई!" म्हणायचा. दोन वर्षं गल्लीनं हे पाहिलं. मग एके दिवशी त्यानं धाकटीच्या फोनवर आपल्या आवाजातला निरोप पाठवला. आपलं जमणार नाही, चूक कुणाचीच नाही, तू फार चांगली आहेस. निरोप तो रंगमंचामागून बोलत होता. "तू फार चांगली" आणि "आहेस" यांच्या मध्ये तो "हॅलो, चेक, चेक" असं म्हणाला होता आणि मग वाक्य पुरं केलं होतं. महिनाभरात त्याचं लग्न समारंभाच्या हॉलच्या मालकाच्या मुलीशी ठरल्याचं कळलं.

त्यानंतरचं सगळं थोरलीनं निस्तरलं. धाकटी जेवायची नाही, जेवली तर उलटून टाकायची, पोर्सिलेन भाजायच्या भट्टीसमोर बसून रडायची. थोरली फरशी पुसायची, तिचे केस मागे धरायची आणि "विसर आता" म्हणायची. लोक म्हणाले, थोरली आहे म्हणून घर उभं आहे. घरातला समजूतदारपणा असाच तिच्या वाट्याला आला होता. तिनं मागितला नव्हता.

थोरलीचंही एक प्रकरण होतं, पण ते प्रकरण आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं. डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. मापं पोचवायला त्यांच्याकडे माणूस होता, तरी ते स्वतः यायचे. काउंटरशी उभे राहून दाताच्या रंगाबद्दल बोलायचे. हा जरा पिवळट घ्या, याची कड पारदर्शक हवी. बोलणं संपल्यावरही थोडं थांबायचे, खिशातलं पेन काढून परत ठेवायचे, मग जायचे. थोरलीला ताप आला त्या आठवड्यात त्यांनी एकही माप पाठवलं नाही. पेशंटना थांबवून ठेवलं. याहून जास्त काही कधी घडलं नव्हतं.

"ताई, तुमचं प्रेम म्हणजे भट्टी आहे," धाकटी म्हणायची. "आत पेटलीय की बंद पडलीय, बाहेरून कळायला मार्ग नाही. तुझे मौनीबाबा कधी तोंड उघडणार?"

"ते लोकांची तोंडं उघडतात. स्वतःचं उघडायला वेळ नसतो," थोरली म्हणायची.

त्या दिवशी डॉक्टरांनी माप काउंटरवर ठेवलं आणि पेशंट कोण ते सांगितलं. धाकटी आत होती. थोरलीनं माप हातात घेतलं नाही.

"दुसरी लॅब नाही का गावात?"

"त्यांनीच सांगितलं, इथंच करा. धाकट्या बहिणीच्याच हातचा हवा म्हणाले. तिचं काम चांगलं आहे." डॉक्टर थांबले. "आणि म्हणाले, तिला सांगा, मनात काही ठेवू नकोस."

"आणि तुम्ही तो निरोप घेऊन आलात."

"त्यांनी चांगल्या हेतूनं सांगितलं असावं," डॉक्टर म्हणाले. ते कुणाबद्दल वाईट बोलत नसत. थोरलीला त्यांचा हाच गुण आवडायचा. त्या दिवशी ते ऐकून तिचे कान तापले. डॉक्टर पुढे म्हणाले, "त्यांचे सासरे हॉलच्या इमारतीतला वरचा मजला मला दवाखान्यासाठी देणार आहेत. त्यामुळे हे काम जरा नीट व्हायला हवं. शनिवारी लग्न आहे." त्यांनी पेन काढलं, परत ठेवलं. "आणि रविवारी मी आईला घेऊन येतोय. तुमच्या आईंना सांगून ठेवा."

"कशाला?"

"तुम्हाला माहीत आहे कशाला," डॉक्टर म्हणाले आणि गेले.

थोरली काउंटरशीच उभी राहिली. चार वर्षांत ते इतकं बोलले नव्हते. आणि जे बोलले ते त्या दाताच्या निरोपाला जोडूनच बोलले होते.

आतून धाकटी आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. तिनं माप उचललं, उजेडात धरून बघितलं, आणि म्हणाली, "मी करते."

"तू नको. मी बघते."

"अगं, त्यानंच सांगितलंय ना, माझ्याच हातचा हवा. मन मोठं करायचंय मला. करू दे की." मग ती हसली. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच. "आणि अभिनंदन, ताई. मौनीबाबांनी तोंड उघडलं."

जेवताना आईला रविवारचं सांगितलं. आईनं हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे बोलता येतं त्याला? मला वाटलं, मुक्याला पदरात घ्यावं लागणार." मग दाताचंही कळलं, तेव्हा ती धाकटीकडे वळून म्हणाली, "सैल बसव त्याची कॅप. 'सभ्य स्त्री-पुरुषहो' म्हणताना पहिल्या रांगेत उडून पडली पाहिजे."

"सैल कॅप डॉक्टरांना बसवतानाच कळते, आई," धाकटी शांतपणे म्हणाली. तिनं त्यावर विचार केलेला दिसत होता.

लॅबची एक रीत होती. वडिलांनी घातलेली. एकीनं दात करायचा, दुसरीनं पास करायचा. करणाऱ्याचे डोळे स्वतःच्या कामाला सरावतात, त्याला चूक दिसत नाही. आणि पास करायचा तो फक्त मोठ्या खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली पोर्सिलेन खोटं बोलतं, असं वडील म्हणायचे. खिडकीतल्या उजेडाला जो पटला, तो पास. या रीतीमुळे लॅबचं नाव झालं होतं, आणि या रीतीमुळेच दोघींना दुसऱ्या कुठल्या उजेडात दात बघायची सवय नव्हती.

गुरुवारी सकाळी धाकटीनं कॅप खिडकीशी आणून ठेवली आणि आंघोळीला वर गेली. थोरलीनं ती चिमट्यात धरली. शेजारच्या दातांचा साचा होता, डॉक्टरांनी कळवलेला रंग होता. तिनं कॅप ओली केली, तिरपी धरली, सरळ धरली. कडेचा पारदर्शकपणा, मधला किंचित दुधी पट्टा, वरची बारीक रेघ, सगळं होतं. धाकटीनं आजवर केलेल्या कामांत इतका सुंदर दात तिनं पाहिला नव्हता. ज्या माणसाचं तोंड दोन वर्षं इतक्या जवळून पाहिलं, त्याचा दात बरोबर येणारच.

ती पास म्हणणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष वरच्या फळीकडे गेलं. वडिलांच्या वेळच्या पोर्सिलेन पावडरीच्या बरण्या तिथं ओळीनं होत्या. त्यांना कुणी हात लावत नसे. सगळ्यांवर धूळ होती. एकीवर नव्हती.

त्या बरणीतली पावडर वडिलांनी का बंद केली, हे थोरलीला चांगलं आठवत होतं. नाटकात काम करणारी एक बाई भांडायला आली होती. खरा दात जांभळ्या दिव्यात स्वतःहून थोडा चमकतो. नव्या पावडरींमध्ये तशी चमक घातलेली असते. त्या जुन्या पावडरीत ती नव्हती. दिवसा दात अस्सल दिसायचा, रंगमंचावर जांभळा दिवा लागला की काळा पडायचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, तिथं दातच नाही. ती बाई वडिलांना म्हणाली होती, राणीचं काम करते मी, आणि लोकांना बोळकं दिसतं.

नव्या पावडरीच्या कंपनीनं चमक दाखवण्यासाठी दिलेला एक छोटा जांभळा टॉर्च खणात होता. थोरली तो आणि कॅप घेऊन लॅबमागच्या छोट्या न्हाणीघरात गेली, दार लावून घेतलं, दिवा लावला नाही. आरशात बघून तिनं ओठ मागे घेतले आणि टॉर्च लावला. तिचे स्वतःचे दात निळसर पांढरे उजळले. मग तिनं कॅप आपल्या दातांपुढे धरली. तिथं भोक पडलं.

ती पालथ्या बादलीवर बसली.

हॉलमध्ये काय होणार ते तिला न सांगता दिसलं. स्वागत समारंभात नाच सुरू झाला की तिथं जांभळे दिवे लावायचे. पांढरे कपडे चमकायचे, सगळे ओरडायचे. निवेदक धाकटीला तिथं घेऊन जायचा. एकदा घरी येऊन तिनं सांगितलं होतं की एका म्हाताऱ्या पाहुण्याचा खोटा दात तिथं काळा दिसला, आणि निवेदकानं तो माईकवरून सगळ्यांना दाखवला, आणि सगळा हॉल हसला. तेव्हा ते सांगताना धाकटीही हसत होती.

अजून वेळ होता. शुक्रवारी कॅप बसवायची होती. नव्या पावडरीनं दुसरी करायला दिवस पुरला असता, आणि धाकटीला न सांगताही करता आली असती. नाही केली, तर बदनामी निवेदकाची होणार होती, पण कॅप डॉक्टरांनी बसवलेली असणार होती. मजला जाणार. ते विचारायला येणार. त्यांच्यापाशी आपलं खोटं फार दिवस टिकणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणजे रविवार गेला. चार वर्षं वाट पाहिलेला रविवार.

तिनं टॉर्च पुन्हा लावला. कॅप पुन्हा दातांपुढे धरली. त्या काळ्या भोकाकडे बघताना तिला जे वाटलं ते तिच्या ओळखीचं नव्हतं. हिवाळाभर ती "विसर आता" म्हणत होती आणि तिला स्वतःला काहीच विसरायचं नव्हतं. फरशी पुसताना तिनं त्या माणसाला मनात किती वेळा पायऱ्यांवरून ढकललं होतं. कुणी तिला विचारलं नव्हतं, तुला काय वाटतं म्हणून. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तिला काही वाटत नाही. मनात काही ठेवू नकोस, हा निरोप धाकटीला होता. थोरलीसाठी निरोप ठेवायची गरजही त्याला वाटली नव्हती.

ती बाहेर आली. टॉर्च खणात ठेवला. धूळ पुसायचं फडकं त्या सगळ्या बरण्यांवरून फिरवलं, म्हणजे एकच पुसलेली दिसू नये.

धाकटी केस पुसत खाली आली. "पाहिलास?"

"पाहिला. चांगला झालाय."

धाकटीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "पास?"

"पास," थोरली म्हणाली.

दुपारी डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही तेच विचारलं, आणि थोरलीनं त्यांनाही तेच सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत बघून.

रविवारी डॉक्टरांची आई आधी आत आली आणि डॉक्टर मागून. बाई गोल चेहऱ्याच्या, बोलक्या होत्या. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी थोरलीच्या हाताला धरलं. "हीच ना गं ती? बाई बाई, चार वर्षं हा घरी येऊन नुसते दातांचे रंग सांगायचा. मला वाटायचं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला." थोरलीची आई खूश झाली. कॉफी आली, बिस्किटं आली. डॉक्टर कपात बघत होते.

"काल लग्नाला गेलो होतो आम्ही," डॉक्टरांची आई म्हणाली. "त्या हॉलवाल्याच्या मुलीच्या. अगं काय सांगू, हसून हसून माझी बरगडी दुखतेय अजून."

"आई," डॉक्टर म्हणाले.

"असू दे रे, घरचीच माणसं आहेत. नवरदेव बोलका. स्वतःच्या लग्नात स्वतःच माईक घेऊन उभा! सासऱ्याचं कौतुक, बायकोचं कौतुक. आणि म्हणाला, आता दिवे लावा, नाच सुरू करू या. लागले ते जांभळे दिवे. आणि पुढचा दात गायब!" त्यांनी आपल्या दातावर बोट ठेवलं. "हसतोय हा मोठ्ठं, आणि मधोमध खिडकी! आधी मुलं हसली, मग सगळेच. त्याला वाटलं आपल्या विनोदाला हसतायत. तो आणखी हसला. मग कुणीतरी मागच्या पडद्यावर त्याचं तोंड दाखवलं, हे एवढं. नवरी बघतच राहिली. सासरा उठून बाहेर गेला. आणि त्या शहाण्यानं तोंडावर हात धरला आणि हातातल्या माईकमधून सगळ्यांना ऐकू आलं, 'दिवे बंद करा रे गाढवांनो.' जेवणं होईपर्यंत तोंडावरचा हात काढला नाही त्यानं!"

थोरलीची आई हसता हसता खोकायला लागली. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डॉक्टर एकटेच हसत नव्हते.

"मला जरा लॅब बघायची आहे," ते म्हणाले.

"आता? लॅब?" त्यांची आई म्हणाली. "बघा! मागणी घालायला आलाय आणि लॅब बघतोय!"

डॉक्टर आणि दोघी बहिणी, तिघं जिना उतरून खाली आली. डॉक्टरांनी दार लोटलं.

"हे कुणी केलं?"

"मी," धाकटी लगेच म्हणाली. "मी एकटीनं. बाबांच्या वेळची पावडर होती, ती वापरली. मला माहीत होतं काय होणार. ताईनं दिवसा उजेडात पाहिला, दिवसा तो बरोबरच दिसतो. तिचा यात काही संबंध नाही."

डॉक्टरांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले. "मला तेच वाटत होतं," ते थोरलीला म्हणाले. "रात्रभर तोच विचार करत होतो. ठीक आहे. पावडर सदोष निघाली असं सांगीन मी त्यांना. दुसरी कॅप देऊ. मजला गेला तर गेला. पण यापुढे माझी कामं तुम्ही एकटीनं करायची, यांनी हात लावायचा नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "चला वर. आई थांबलीय."

फक्त जिना चढायचा होता. धाकटीनं डोळ्यांनी खुणावलं, जा.

"डॉक्टर," थोरली म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"एका बरणीवर धूळ नव्हती, ते दिसलं मला. मी टॉर्च लावून बघितलं. मग तुम्हाला पास म्हणाले."

"ताई!" धाकटी ओरडली. "खोटं सांगतेय ती. मला वाचवायला सांगतेय!"

"नाही," थोरली म्हणाली. "तुला मी सांगितलं नाही, कारण तू मला थांबवलं असतंस. रविवारसाठी."

या वेळी डॉक्टरांचा हात पेनाकडे गेला नाही.

"माझा पेशंट होता तो," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो. एकदाच."

"तुम्हाला वाईट वाटतंय का?"

थोरलीनं खरं उत्तर शोधलं. कामात असताना ती दाताचा नेमका रंग शोधायची तसं. "तुमचं वाटतंय."

"मी त्यांचं विचारतोय."

"त्याचं नाही वाटत. त्याचा निरोप तुम्ही माझ्याकडे आणलात, तेव्हा तुम्हाला वाटलं होतं का?"

"तो फक्त निरोप होता."

"तो माझ्या बहिणीचं तोंड दाबत होता आणि तुम्ही त्याचा हेतू चांगला म्हणालात."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "यापुढे कामं पाठवता येणार नाहीत मला."

"नका पाठवू. तो तुमचा हक्क आहे. वर जे बोलायला आला होतात, त्याचं काय ते सांगा."

"दोन्ही वेगळं कसं करू मी?"

"मला करता येतं."

"मला नाही येत," डॉक्टर म्हणाले. आवाज चढवून नाही. मग ते वळून जिना चढले. वर त्यांच्या आईचा आवाज आला, "अरे, इतक्यात? कॉफी तरी संपवू दे!" खुर्ची सरकली. थोरलीच्या आईनं काहीतरी विचारलं.

धाकटी थोरलीच्या दंडाला धरून तिला हलवत होती. "वेडी आहेस का तू? मी घेतलं होतं ना अंगावर! गप्प बसायचं होतं फक्त! आयुष्यभर गप्प बसलीस, आणि आजच बोलायचं होतं तुला?"

"त्यांना वाटत होतं मी तसली नाही."

"मग वाटू द्यायचं!"

"आणि मी जन्मभर त्यांच्या घरात तसली नसलेली बनून राहायचं?" थोरलीनं तिचा हात सोडवला आणि स्टुलावर बसली. "आणि सगळं तू एकटीनंच काय म्हणून घ्यायचं? मीही होते की हिवाळाभर इथं."

बाहेर गाडीचं दार लागलं. एक, मग दुसरं. धाकटी खिडकीकडे गेली, पण थोरली जागची हलली नाही. इंजिन सुरू झालं. गाडी जराशी थांबली, मग गेली. धाकटी तिथंच उभी राहून रडायला लागली, हिवाळ्यात रडायची तशी.

"तुझ्या फोनवर कालचं चित्रीकरण आलं असेल," थोरली म्हणाली. "कुणीतरी काढलंच असेल. आलंय ना?"

धाकटीनं नाक पुसलं. "काल रात्रीच. तुला दाखवणार नव्हते."

"दाखव."

धाकटी तिच्या स्टुलाला टेकून उभी राहिली आणि फोन पुढे धरला. पडद्यावर हॉल जांभळा झाला, पांढरे सदरे उजळले, आणि मधोमध तो तोंड भरून हसला. थोरलीनं फोन आपल्या हातात घेतला. लोक हसू लागले, तो आणखी हसला, मग त्याला कळलं. त्याला कळलं तो क्षण तिनं चेहरा अगदी जवळ नेऊन पाहिला. तोंडावर हात गेला. माईकमधून ते वाक्य आलं आणि चित्र संपलं.

वरून आईनं हाक मारली. काय झालं, कुणीतरी मला सांगाल का.

"पुन्हा लाव," थोरली म्हणाली.